पुड्याची मागची बाजू

खाण्याची वस्तू घरात येण्यापूर्वी ती तपासून घेण्याची जैन कुटुंबांतील शिस्त फार जुनी आहे. पुड्यावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आहे ना, घटकांच्या यादीत कांदा-लसूण किंवा जिलेटिन नाही ना, हे पाहिल्याखेरीज गृहिणी तो पिशवीत टाकत नाही. ही दक्षता स्तुत्यच आहे. मात्र तिच्या आडून एक समजूत घरोघर रुजली आहे, की जे शाकाहारी ते मुलांना निर्धोक. मैदा, साखर आणि पामतेल हे तिन्ही पदार्थ शाकाहारीच आहेत, आणि 'जैन' असे ठळक छापलेले केळ्याचे वेफर्सही तेलातच तळलेले असतात.

वस्तू कशाची आहे ते हिरवा ठिपका सांगतो; तिच्यात साखर आणि तेल किती, ते पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले की, पदार्थात वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी लागतात. त्यांचे ५ टक्के म्हणजे ८५ कॅलरी, आणि ग्रॅमला ४ कॅलरी या दराने जेमतेम २१ ग्रॅम साखर. कोलासारख्या शीतपेयात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका बाटलीतच २६ ग्रॅम झाली. दुधातली साखर, शिरा, वाढदिवसाचा केक यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही!

त्या तक्त्यात आणखी एक मेख आहे. शेजारी छापलेले टक्के २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या गरजेवर काढलेले असतात, आणि तेही 'एका वेळच्या प्रमाणा'चे. हे प्रमाण दोन-तीन बिस्किटांचे असू शकते. मूल पुडा संपवून उठते.

आजी-आजोबांना नातू गुटगुटीतच हवा असतो. ज्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या आणि सुदृढ बालक स्पर्धांत वजनदार बाळांना बक्षिसे मिळताना पाहिली, तिला भरलेले गाल ही खात्यापित्या घराची खूण वाटली तर नवल नाही. पण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या खुणेविषयी शंका घ्यायला लावले आहे. पुण्याजवळच्या गावांतील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, तरीही आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचेच आकडे दिले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. तेव्हा आपल्याकडचे 'जरासे भरलेले' मूल दिसते त्याहून अधिक चरबी बाळगून असू शकते, आणि मधुमेहाची पूर्वतयारी लहान वयातच सुरू होऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले.

खाण्याच्या वेळेचाही यात मोठा वाटा आहे. घरातील वडीलधारी चोविहार पाळतात, सूर्यास्ताला स्वयंपाकघर आवरले जाते. मुले मात्र सहाला क्लासला जातात आणि साडेआठला भुकेली परततात. गॅस बंद, कपाट उघडे. मग नूडल्स, क्रीमची बिस्किटे, नाहीतर दहा मिनिटांत दारात येणारा खाऊ. काही घरांनी यावर साधा उपाय काढला आहे. साडेपाचला आजी-आजोबांच्या पंगतीतच मुलांचे पान मांडायचे, आणि पोळी-भाजी, मुगाचे धिरडे, ताक असे पोटभर जेवूनच त्यांना क्लासला पाठवायचे. यासाठी सुनेला ऑफिसातून लवकर येणे शक्य नसते, हे खरे. पण पोळी आजोबाही गरम करू शकतात.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ व तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला. घरातल्या कपाटाला तो लागू नाही. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना कोणत्या पदार्थात किती साखर आहे ते दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. ते फलक वाचणारी मुले आता घरीही पुडा उलटून पाहू लागतील. आजोबांना चष्म्याशिवाय ती अक्षरे दिसत नाहीत. तिसरीतल्या नातवाला ती सहज वाचता येतात.