विश्लेषण : जिल्हा शल्य चिकित्सक शस्त्रक्रिया कधी करणार?

अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात वर्षानुवर्षे एक पद सर्वांच्या परिचयाचे आहे, जिल्हा शल्य चिकित्सक. पद ब्रिटिशकालीन, नावातच शल्यचिकित्सा. पण या खुर्चीवर बसणाऱ्या डॉक्टरांचा दिवस शस्त्रक्रियागृहापेक्षा बैठका आणि फायलींतच अधिक जातो. असे का?

कामाचा पसारा किती?

धारणी, अचलपूर, दर्यापूरची उपजिल्हा रुग्णालये आणि तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये त्यांच्याच अखत्यारीत येतात. (प्राथमिक आरोग्य केंद्रे तेवढी जिल्हा परिषदेकडे.) शिवाय दिव्यांग प्रमाणपत्रे, सोनोग्राफी केंद्रांची तपासणी, औषधांचा साठा, न्यायालयीन कामे आणि मेळघाटातील बालमृत्यूंचे अहवाल. धारणीची एक पाहणी म्हणजे घाटरस्त्याने अख्खा दिवस. त्या दिवशी ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते किंवा रुग्णाला नागपूर गाठावे लागते.

अकोल्यात काय वेगळे?

तेथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि सर्वोपचार रुग्णालयाचा कारभार अधिष्ठात्यांकडे आला. कामाचा ताण त्यांनाही चुकलेला नाही. मात्र विभागात सहयोगी प्राध्यापक आणि निवासी डॉक्टर असल्याने अधिष्ठाता बैठकीला गेले म्हणून ओपीडी थांबत नाही. जिल्हा रुग्णालयांत ही फळी नसते. अमरावतीत २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पण अशी फळी उभी राहायला काही वर्षे जातात.

मग प्रशासन डॉक्टरांकडून काढून घ्यावे?

भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत १० नवजात बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या अतिदक्षता विभागात ११ रुग्णांचा जीव गेला. दोन्हीकडे शल्य चिकित्सक निलंबित झाले. वायरिंग आणि अग्निसुरक्षा हा काही वैद्यकीय शिक्षणाचा विषय नव्हे. ते काम त्यातल्या जाणकाराकडे असणेच बरे. पण सगळाच कारभार बिगरडॉक्टरकडे देणे महागात पडेल. कोणते औषध रुग्णाला बाहेरून आणावे लागते, हे ओपीडीत बसणाऱ्यालाच आधी कळते.

ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांतील वरिष्ठ डॉक्टरांचा आठवडा साधारण ४ तासांच्या १० सत्रांत मांडतात. विभागाचे नेतृत्व करणाऱ्यांची प्रशासनाची सत्रे त्यातच धरलेली असतात. इर्विनमध्ये आठवड्यातील दोन सकाळी शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवायच्या, तर त्या वेळी बैठकीला कोण बसणार हे लेखी ठरवावे लागेल. त्यासाठी अतिरिक्त जिल्हा शल्य चिकित्सकांचे पद आहे. मात्र त्यांना सहीचे अधिकार मिळाले तरच.