फक्त दोनच सीट उरल्या आहेत

मामाच्या फोनवर पहिला कॉल आला तेव्हा तो वखरून बांधावर बसला होता. समोरची मॅडम गोड बोलत होती. "सर, तुमच्या मुलीचा एआय अँड डेटा सायन्सचा प्रोफाइल फार छान आहे, पण फक्त दोनच सीट उरल्या आहेत." मामाला आयुष्यात कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. त्यानं मला विचारलं, "काऊन रे भाऊ, ह्या बाईले माह्या पोरीचे मार्क कसे माहीत?"

मार्क तिला माहीतच नव्हते. मामेबहिणीनं आठवड्यापूर्वी एका साइटवर 'फ्री काउन्सेलिंग'साठी नाव, नंबर, गाव आणि जात भरली होती. त्यानंतर पाच दिवसांत तिला किती कॉल आले हे मी मोजलं. सत्तावीस. पुण्याहून, नागपुराहून, एक तर थेट बंगळुरूहून. आमचं कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात. रुक्मिणीचं माहेर म्हणून लोकांना ठाऊक. तिनं पत्र पाठवून आपला नवरा स्वतः निवडला, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोरीला तोंडपाठ असते. माझ्या बहिणीला मात्र कॉलेज निवडायला कोणी वेळच देईना. तिला निवडायलाच सत्तावीस जण टपले होते.

शेवटी मामानं पंचवीस हजार भरले. जून होता. ते पैसे सोयाबीनच्या बियाण्यासाठी ठेवलेले होते.

आता खरी गोम. मॅडमनं दिलेली सीट मॅनेजमेंट कोट्यातली होती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. पण ती मिळते प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झाला तर. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की माफी गेली. म्हणजे ही मॅडम मामाला सीट विकत नव्हती, पोरीची चार वर्षांची फीमाफी त्याच्याकडून सोडवून घेत होती, आणि वर त्याचेच पंचवीस हजार मागत होती. तिनं खोटं काहीच सांगितलं नाही. 'कॅप' हा शब्द तेवढा एकदाही उच्चारला नाही.

कॉलेजांनी जाहिरात करूच नये, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. जागा रिकाम्या आहेत, प्राध्यापकांचे पगार द्यायचेत, तर संस्था रील बनवणारच. माझं भांडण या गोष्टीशी आहे की आपले सगळे नियम भिंतीवरच्या फलकासाठी आहेत आणि सगळी विक्री खिशातल्या फोनवर होते.

एआयसीटीईची मान्यता असलेल्या प्रत्येक कॉलेजला 'मँडेटरी डिस्क्लोजर' वेबसाइटवर टाकावंच लागतं: फी, शिक्षक, जागा, सुविधा. एनआयआरएफच्या रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेला तिथे दिलेली माहितीही आपल्या साइटवर ठेवावी लागते, आणि त्यात किती मुलं प्लेस झाली, त्यांचा मधला पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले हे सगळं असतं. कधी उघडून पाहा. एका कॉलेजची रील म्हणते 'हायेस्ट पॅकेज चाळीस लाख', आणि त्याच कॉलेजच्या पीडीएफमधला मधला पगार त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली. हायेस्ट म्हणजे एका पोराचा पगार. मधला म्हणजे तुमचा, माझा. पहिला आकडा मोठ्या अक्षरात रीलवर नाचतो, दुसरा मेनूच्या चौथ्या पायरीखाली, वाकड्या स्कॅन केलेल्या, इंग्रजी पीडीएफमध्ये झोपलेला असतो. नियम पाळला गेला. माहिती कोणापर्यंत पोचली?

नॅकच्या ग्रेडचंही तेच. 'ए प्लस' गेटवर सोनेरी अक्षरात, पण ती कधी मिळाली आणि कधीपर्यंत आहे हे लिहायला जागा उरत नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षासह काही सदस्यांना ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक केली, तेव्हापासून मी ती सोनेरी अक्षरं वाचणंच सोडलंय.

आणखी एक गंमत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंग क्लासेसच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. शंभर टक्के सिलेक्शनचे दावे नकोत, जागा संपत आल्याची खोटी घाई लावू नका. छान. पण ती कोचिंगसाठी. कोट्यातल्या क्लासवाल्यानं 'दोनच सीट' म्हटलं तर ते त्यात बसतं. कॉलेजच्या मॅडमनं म्हटलं तर नाही. ग्राहक म्हणून दाद मागायची, तर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका विद्यापीठाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की परीक्षा घेणारं विद्यापीठ ग्राहक कायद्यातली 'सेवा' देत नाही आणि विद्यार्थी हा ग्राहक नाही. तेव्हापासून संस्थांचे वकील तो निकाल खिशात घेऊन फिरतात. शिक्षण पवित्र आहे, बाजार नाही, हे मला मान्य आहे हो. मग कॉल सेंटर कशाला उघडलंय?

यूजीसीचा फी परताव्याचा नियम आहे, मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत असाही आहे. एआयसीटीईचा तर साधा हिशेब: मुदतीत प्रवेश सोडला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी सगळं परत. आमच्या पावतीवर मात्र छापलं होतं, 'रक्कम परत मिळणार नाही'. टीसी कॉलेजच्या कपाटात. मी नियमाची प्रत मेल केली, तीनदा. आधी मॅडम 'बिझी' झाली, मग तिचा नंबर बंद झाला, मग कळलं की ती कॉलेजची नव्हतीच, एजन्सीची होती आणि तिला प्रवेशामागे कमिशन होतं. टीसी कॅपच्या कागदपत्र तपासणीच्या आदल्या दिवशी मिळाली. चोवीस हजार दोन महिन्यांनी आले. तोवर मामानं कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं उचललं होतं, आणि उधारीचं बियाणं कधी रोखीच्या भावानं मिळत नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. ज्या जाहिरातीत हायेस्ट पॅकेज आहे त्याच जाहिरातीत, तेवढ्याच अक्षरात, मधला पगार हवा. फोन करणाऱ्यानं पहिल्या वाक्यात सांगावं: मी एजंट आहे, ही सीट कॅपची नाही, इथे फीमाफी लागू नाही. डिस्क्लोजर मराठीत हवं, फोनवर उघडेल असं साधं पान. हे सीईटी सेलला आणि उच्च व तंत्रशिक्षण विभागाला एका परिपत्रकानं करता येईल. परिपत्रकं काढण्यात आपलं सरकार कधी कमी पडलंय?

पण नुसत्या खाजगीवाल्यांना शिव्या घालून माझं पोट भरत नाही. मॅडमला मैदान मोकळं का मिळालं? कारण आपल्या बाजूची माणसं गप्प आहेत. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती कुणब्याच्या पोरासाठी. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना सांगायचे, घरची भांडी विका पण पोरं शिकवा. त्यांच्या नावाचं विद्यापीठ १९८३ पासून अमरावतीत आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९६४ पासून. हे सगळं आमच्या गावापासून चाळीसेक किलोमीटरवर, आणि माझ्या बहिणीच्या फोनवर यातलं एकही नाव आपणहून आलं नाही. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांच्या साइटवर काय असतं? सरकणारी लाल पट्टी, उद्घाटनाचे फोटो, दोन वर्षांपूर्वीचं वेळापत्रक. फी किती, हॉस्टेलमध्ये जागा आहे का, तासिका तत्त्वावरचे किती आणि कायम शिक्षक किती, हे शोधायला प्राध्यापकाचा भाचाच असावं लागतं. आम्हाला जाहिरातीची गरज नाही, असं हे लोक अभिमानानं सांगतात. कीर्तनकार गावोगाव हिंडला आणि त्याच्या वारसांना साइटवर फी टाकायला लाज वाटते! हा साधेपणा नाही. हा आळस आहे, आणि त्याचं बिल आमच्या मामासारखे लोक भरतात.

बहीण आता कॅपमधून लागली, अमरावतीतच. शिक्षण शुल्क माफ. यंदा बारावीचा निकाल लागला आणि तिनं गावातल्या मुलींसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. जवळच्या चार कॉलेजांना फोन करून तिनं फी विचारली. तिघांनी 'ऑफिसमध्ये या' म्हणून ठेवून दिला. चौथ्या ठिकाणच्या बाबूनं नोटीस बोर्डाचा फोटो पाठवला, वाकडा, वर पंख्याची सावली. झूम केल्यावर वाचता येतो. ग्रुपवर टाकला तर रात्रीपर्यंत अकरा मुलींचे प्रश्न आले. त्यातली एक विचारत होती, "ताई, मलेबी एक मॅडम फोन करून रायली. दोनच सीट हायेत म्हणते. भरू का?"