मावशीची वही

"मुलगा करतो काय?" असे पाहुण्यांनी विचारले की आई माझ्याकडे बघते आणि मी छताकडे बघतो. वडील मात्र ठामपणे सांगतात, "कॉम्प्युटरमध्ये आहे." जणू काही मी त्या खोक्याच्या आतच राहतो!

हुद्दा म्हणाल तर 'फुल स्टॅक डेव्हलपर'. म्हणजे खानावळीतला असा एकटा प्राणी की जो पाने मांडतो, कढईपुढेही उभा राहतो आणि कोठीच्या किल्ल्याही सांभाळतो. पाने म्हणजे ब्राउझरमध्ये तुम्हांला दिसते ते. तिथली भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला घाट अवघ्या दहा दिवसांत घातला. (ते अधूनमधून जाणवते!) २००९ मध्ये नोड आले आणि तीच भाषा मुदपाकखान्यात, म्हणजे सर्व्हरवरही, सर्रास चालू लागली. कोठी म्हणजे डेटाबेस. तिच्यातली तक्त्यांची मांडणी मुळात एडगर कॉड यांच्या १९७० च्या निबंधातली.

मी शिकलो मेकॅनिकल. यंत्रे बाजूलाच राहिली आणि गेली सात वर्षे हेच चालले आहे. आपल्याला यातले सगळे येते, अशी माझी समजूत होती. ती मावशीने घालवली.

मावशी पुण्यात दिवाळीचा फराळ करून विकते. मागणी वहीत, पैसे माल पोचल्यावर. तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने तिला वेबसाइट करून दिली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गर्दी झाली. बटण दाबले की पान रेंगाळू लागले. माणसे पुन्हा दाबत, आणि मागणी दोनदा नोंदली जाई. मावशीने बावीस किलो चकल्या जास्तीच्या तळल्या!

"पण लोक दोनदा दाबतातच कशाला?" मी चिडून म्हणालो.

"अरे, कडी वाजवून कोणी दार उघडले नाही तर तू काय घरी परत जातोस?"

यावर मी काय बोलणार? उपाय मला ठाऊक होता, हीच खरी लाजेची गोष्ट. अर्ज उघडतानाच त्याला एक क्रमांक द्यायचा आणि डेटाबेसला बजावायचे की, या क्रमांकाची मागणी एकदाच घे. मग कुणी दहादा दाबो. अर्ध्या तासाचे काम! नुकसानीचे पैसे मी देऊ केले, तर तिने ते घेतले नाहीत. चकल्या आळीभर वाटल्या, मला मात्र एकही दिली नाही.

पुढल्या वर्षी एक ओळही लिहिण्याआधी चार दिवस पहाटे पाचला तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तेव्हा दिसले ते असे : तिचे हात सदा पिठात, नाहीतर तुपात. फोनच्या काचेला ती बोट लावायचीच नाही. शेजारची मुलगी येऊन माझ्या वेबसाइटवरच्या मागण्या वहीत उतरवून देई! मी दोन आठवडे खपून केलेला रंगीत आलेख कुणी एकदाही उघडला नव्हता. तिला पहाटे एकच गोष्ट हवी असे. आज चकली किती किलो, म्हणजे भाजणी किती काढायची.

आलेख काढून टाकला. (जिवावर आले, खोटे कशाला सांगू?) फळीवर एक लहानसा प्रिंटर ठेवला. रोज पाचला त्यातून चार ओळींची चिठ्ठी बाहेर पडते : चकली, चिवडा, लाडू, करंज्या. मावशी ती वाचते आणि खळ लावून वहीत चिकटवते. वही सुटली नाही ती नाहीच.

यंदा तिची एकच तक्रार आली आहे. "अक्षर जरा मोठे येईल का रे? चष्मा तेलकट होतो." ते करायलाच बसलो आहे. किती मोठे, हे विचारायला मघापासून फोन करतो आहे. पण ती उचलत नाही. हात पिठात असणार.