दिनविशेषातील चौथी ओळ

सतरा सप्टेंबरचे दिनविशेष बहुतेक दिनदर्शिकांत एकाखाली एक मांडलेले आढळतील. १८७९ : पेरियार रामस्वामी यांचा जन्म. १८८५ : प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म. १९१५ : चित्रकार हुसेन यांचा पंढरपुरात जन्म. १९४८ : हैदराबाद संस्थानाची शरणागती. दक्षिणेच्या आणि महाराष्ट्राच्या दोन कडव्या समाजसुधारकांनी एकाच तारखेस जन्मास यावे, हा योगायोग मौजेचा खरा; पण तो योगायोगच. चौथी ओळ मात्र त्या पंक्तीत बसविली की तिचा अर्थच हरवतो. शाळेत शिकवीत असता अशा सनावळ्या मुलांकडून घोकून घेण्याचा अपराध आमच्याही हातून घडला आहे.

हिंगोलीकडील पुसेगावचेच पाहा. हे गाव निजामाच्या मुलखातले. उत्तरेस गेले की पैनगंगा, आणि तिच्यापलीकडे वऱ्हाड. १५ ऑगस्ट १९४७ रोजी वऱ्हाडात तिरंगा फडकला. त्याच दिवशी तो हैदराबादेत फडकविल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. नदीच्या दोन्ही तीरांवर भाषा एक, पीक एक, सोयरीकही एक. स्वातंत्र्य मात्र अलीकडे तेरा महिने उशिरा आले. तेही आपसूक नव्हे. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या हुतात्मा बहिर्जींसारख्यांनी त्याचे मोल दिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. पाचव्या दिवशी निजामाने हार मानली. त्याचे सेनापती एल् एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शस्त्रे ठेवली ती अठरा तारखेस, हे दिनदर्शिका सांगत नाहीत.

आणखीही काही त्या सांगत नाहीत. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण भाषणांतून निघते. शरणागतीनंतर निरपराध मुसलमानांची जी हत्या झाली, तिची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके अप्रसिद्ध राहिला. मुक्तीचा दिवस साजरा करणाऱ्यांनी हेही वाचावयास हवे. त्याने मुक्तिसंग्रामास उणेपणा येत नाही.

मुंबई-पुण्याच्या वाचकास ही मराठवाड्याची घरगुती बाब वाटते, याचे आम्हांस वैषम्य वाटते. परंतु त्याहून निकडीची गोष्ट निराळीच आहे. त्या वेळी बारा-तेरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. पुसेगावच्या शाळेतील मुलांना अशा एखाद्या आजोबांकडे वही देऊन पाठविण्यास सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. झेंडावंदन आटोपले की दुपार मोकळीच असते.