अम्मीच्या नावावर काय आहे?

मे महिन्याचा दुसरा रविवार आला की दम्माम, दुबई, दोहामधून अम्मींचे फोटो स्टेटसवर झळकू लागतात. कुणाची अम्मी उल्हासनगरच्या कॅम्पातली, कुणाची अंबरनाथच्या चाळीतली, कुणाची बदलापूरच्या नव्या इमारतीतली. सोबत गुलाब आणि आईच्या पायाखाली जन्नत असल्याची ओळ. काही मुले हे वर्षातून दोनदा करतात, कारण अरब देशांत आईचा दिवस २१ मार्चला असतो. इजिप्तमध्ये १९५६ साली तो सुरू झाला आणि पुढे इतर अरब देशांत पसरला. मग दुसरा गट 'ही बिदअत आहे' असे मेसेज पाठवतो. या भांडणात मला रस नाही. ज्याला फुले द्यायची त्याने द्यावीत.

प्रेम खोटे आहे असे मुळीच म्हणायचे नाही. दुबईत व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाही म्हणून कितीतरी अम्मी बोटिम वापरायला शिकल्या. मुलाची ड्युटी रात्री दहाला सुटते तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. तोवर ती जागी असते, आणि "जेवलास का?" विचारल्याशिवाय झोपत नाही.

आखातातल्या नोकरीचा एक फायदा म्हणजे उमरा. सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या आपण मारतो, त्या एका आईच्या आहेत. तहानलेल्या इस्माईलसाठी पाणी शोधत हजरत हाजरा तिथे एकट्या धावल्या. आज तिथे हिरवे दिवे लावलेल्या टप्प्यात पुरुषांनी धावायचे असते. बायकांनी चालले तरी चालते. म्हणजे शतकानुशतके पुरुष एका आईची धाव धावत आले आहेत. याहून मोठा गौरव मला तरी माहीत नाही. आणि तीच सई करून आलेला मुलगा अम्मीने पासबुक मागितले की म्हणतो, "तुला काय करायचंय त्याचं?"

पैसा बहुतेक घरांत अब्बांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या खात्यावर येतो. अम्मीच्या हातात येतो तो किराण्यापुरता, तोही हिशेब देऊन. उल्हासनगरात जीन्सचे धागे कापून, नगावर मिळणारे पैसे साठवून पोराच्या पासपोर्टला आणि एजंटला भरणाऱ्या बायका आहेत. मुलगा कमावता झाल्यावर त्यांनी पन्नास रुपयांसाठीही विचारावे, हे कसे चालते?

तिचे माहेरही आठवा. कुरआनने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. (निम्माच का, यावर बोलायला हवेच, पण आधी तो निम्मा तरी हाती पडू दे.) 'भावांशी संबंध बिघडतील' म्हणून किती अम्मींनी हक्कसोडपत्रावर सही केली, हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावे. इतर बाबतींत शरियत पाठ असणारे मामू त्या दिवशी गप्प असतात.

आणखी एक गोष्ट स्टेटसवर दिसत नाही. अम्मीला दवाखान्यात कोण नेते? तिची शुगरची गोळी कोण लक्षात ठेवते? परदेशातला मुलगा खर्च उचलतो, सेवा त्याची बायको किंवा धाकटी बहीण करते. तीही कुणाची आई असते, आणि तिचा फोटो कुणी लावत नाही.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा देशाबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. स्वतःच्या मिळकतीवर भागत नसेल तर आईला मुलांकडून निर्वाह मागता येतो, आणि त्यासाठी तिचे वय साठ असलेच पाहिजे असे नाही. अर्थात आपल्या अम्मी मुलाविरुद्ध अर्ज घेऊन प्रांत कार्यालयाची पायरी चढणार नाहीत, हे मुलांना पक्के ठाऊक आहे. तिच्या या गप्प बसण्यालाच आपण ममता म्हणत आलो.

सुट्टीवर याल तेव्हा एक सकाळ तिच्यासोबत बँकेत जा. खाते तिच्या एकटीच्या नावाचे, एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये, मेसेज तिच्याच मोबाईलवर. परत गेल्यावर पगारातला एक हिस्सा दर महिन्याला तिथे पाठवा, आणि त्याचे तिने काय केले ते विचारू नका.