टेम्पोचे भाडे माझ्याकडे

ऐन दिवाळीच्या अंकात स्मशानाचा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून कणकेचा दिवा आपण कोणासाठी लावतो? यमासाठीच ना? भाऊबीजेचे दुसरे नावही यमद्वितीया. मग हा विषय अशुभ कसा?

आपल्या सीमाभागात अंत्यविधींचा इतिहास सांगणारे एक संग्रहालय हवे, एवढीच माझी मागणी. एका बैठकीत ती मांडली तर एक वडीलधारे म्हणाले, "तिरडी बघायला तिकीट कोण काढणार?" काढतात, आजोबा! व्हिएन्नात १९६७ पासून असे संग्रहालय आहे. तळ उघडून प्रेत खड्ड्यात सोडायची आणि पेटी पुन्हा वापरायची, असली शवपेटी तिथे ठेवलेली आहे. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ साली लाकूड वाचवण्यासाठी ती सक्तीची केली. लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षी हुकूम मागे घ्यावा लागला. परदेशाचे राहू द्या. विजापूरचा गोलघुमट म्हणजे तरी काय? १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर! तिथे शाळेच्या सहली नेतो, नगारखान्यातले संग्रहालय दाखवतो. परत आल्यावर कोणी आंघोळ करत नाही.

आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहा. गावोगाव देवळामागे वीरगळ आहेत. खाली लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. यातला 'गळ' म्हणजे कानडी 'कल्लु', दगड. भाषेवरून डोकी फोडणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. बांगड्या ल्यालेल्या हाताची सतीशिळा आहे, तिला कानडीत मास्तिकल्लु म्हणतात. सल्लेखना घेतलेल्या जैनांच्या निषिधी आहेत. यातल्या एका वीरगळावर धुणे आपटताना मी पाहिले आहे. दुसरा गटारावर पालथा पडला आहे.

घरातला इतिहास तर त्याहून वेगाने चालला आहे. मडक्याला भोके पाडणारा जीवखडा दहाव्यापर्यंत का जपायचा, शेजारच्या लिंगायत घरी मृताला बसवून का पुरतात, हे कॉलेजातल्या मुलाला विचारून पाहा. "आपल्यात पूर्वापार दहनच" असे ठासून सांगणाऱ्यांना इनामगाव ठाऊक नसते. तिथल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची लेकरे तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, घराच्या जमिनीखालीच पुरलेली सापडली. आपणही तान्ह्या मुलाला पुरतोच की.

मात्र संग्रहालय म्हणजे पितळी भांड्यांची आरास नव्हे. ओढ्याच्या अलीकडे कोणाचे स्मशान आणि पलीकडे कोणाचे, हा नकाशा भिंतीवर हवाच. मेल्यावर सगळे सारखे म्हणणाऱ्यांनी तो आधी पाहावा. मढ्यापुढे हलगी कोणी वाजवायची, लाकडे कोणी वाहायची, विधवेच्या केसांवर वस्तरा कोणाच्या हुकमाने फिरायचा, हेही लिहा. सतीशिळेशेजारी १८२९ च्या सतीबंदीची हकीकत लावा. पाट्या मराठीत आणि कानडीत, दोन्हीत.

जागा, पैसा, परवानग्या, समित्या यांवर चर्चा खुशाल होऊ द्या. गटारावरचा तो वीरगळ उचलायला चार माणसे आणि एक टेम्पो पुरतो. टेम्पोचे भाडे मी देतो. चार माणसे तुम्ही आणा.