मुकादमाच्या पोराची स्कॉलरशिप

दादरची गाडी पहाटे साडेचारला स्वारगेटला सोडते, तेव्हा स्टँड जागाच असतो. जेधे चौकाच्या पोटात आता मेट्रो आलीय, २०२४ च्या सप्टेंबरपासून. वर मात्र तेच. बोचकी, पत्र्याच्या पेट्या, पोरं पोटाशी घेऊन बसलेल्या बाया. फलाटावरच्या पाट्या वाचा: सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर. साखर कारखान्यांचा नकाशाच तो. दिवाळी झाली, की टोळीचा ट्रॅक्टर चुकलेला एखादा कोयता इथून एसटीनं पुढं जातो.

कोयता म्हणजे हत्यार नव्हे, दोस्तहो. कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. वहीत माणूस लिहीत नाहीत, कोयता लिहितात.

त्या गर्दीत माझ्या मावशीचा पोरगा मला घ्यायला आला होता. बीड जिल्ह्यातला. इथं पर्वतीच्या पायथ्याला कॉट बेसिसवर राहतो, बी.ए. करतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो. बंदरात दोन दिवस जहाज नव्हतं, म्हणजे मला हजेरी नव्हती, म्हणून आलो होतो. चहा घेतला. त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"दादा, ह्याच्यावर तुझी सही पायजे."

फॉर्म होता. लेबर सप्लाय करणाऱ्या ठेकेदारांच्या एका संघटनेचा. नाव लिहीत नाही, नावानं फरक पडत नाही. वर्षाला पंचवीस हजारांची स्कॉलरशिप. अटी दोन. पहिली: विद्यार्थी माणसं भरती करून देण्याच्या धंद्यातल्या घरातला पाहिजे. दुसरी: त्याला समाजकार्याची तळमळ पाहिजे, आणि तसा एखाद्या सामाजिक संघटनेचा दाखला पाहिजे.

पहिली अट पोरानं जन्मतःच पुरी केलेली. त्याचा बाप, माझा मावसा, बारा-पंधरा कोयत्यांचा मुकादम. दुसऱ्या अटीसाठी मी. आपल्या अंकाचं लेटरहेड, माझी सही, वर 'जय भीम'. झाली तळमळ.

माझं टाळकं फिरलं. मी म्हणालो, माणसं विकणाऱ्यांनी आता पुण्यकर्म काढलं काय? पोरगं खाली बघून म्हणालं, "दादा, मी कुठं इकली माणसं?"

हे उत्तर घेऊन मी आठ दिवस फिरतोय. म्हणून हे लिहितोय.

आधी मुकादम म्हणजे काय ते बघू. पेठेतल्या पांढरपेशा मित्रांना ऊस फक्त रसवंतीत भेटतो. कारखान्याला तोडणीला माणसं पाहिजेत. कारखाना गावात येत नाही. पैसा येतो, मुकादमाच्या हातून. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरगी लग्नाला आलेली असते, म्हातारा दवाखान्यात असतो. तेव्हा मुकादम उचल देतो. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाची मजुरी आधीच घेऊन खाल्लेली. मग सहा महिने ती ऊस तोडून फेडायची. हंगाम संपतो, उचल संपत नाही. बाकी पुढच्या सालच्या वहीत चढते. वही मुकादमाची, पेन मुकादमाचं, अंगठा आपला. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. तो वाचला तर ही वही गुन्ह्याचा पुरावा ठरेल. पण तो वाचायला वही तरी कुणी बघितलीय?

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात करार झाला. तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, चौतीस टक्के वाढ. त्याच बैठकीत मुकादमाचं कमिशन एक टक्क्यानं वाढलं. हे कमिशन मजुरीच्या पाचव्या हिश्श्याच्या घरात जातं. आता हिशोब करा. कोयत्यानं मरमर करून दिवसाला दोन टन तोडले, तर ७३२ रुपये. दोघांत. म्हणजे माणशी ३६६. पहाटेच्या अंधारापासून रात्री गाडी भरेपर्यंत. त्याच कोयत्यामागं मुकादमाचे दीडशेच्या आसपास होतात. पंधरा कोयते असले, की दिवसाला दोन हजारांच्या वर. कोयता न धरता.

आणि बाई? २०१९ साली बीडच्या बायकांच्या गर्भाशयांची बोंब झाली, तेव्हा सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, दंड उचलीत. त्यापेक्षा पिशवीच काढून टाक. हा दंड कुणाच्या वहीत चढतो? मुकादमाच्या. हे त्या स्कॉलरशिपच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायचं, सांगा.

पण माझा मावसा राक्षस नाही. तो आपल्यातलाच. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. चौदा एप्रिलला त्याची वर्गणी सगळ्यात मोठी. उचलीचा पैसा तोही वरूनच घेतो, स्टँपपेपरवर सही करून. कोयता पळाला तर कारखाना आणि वाहतूकदार ह्याचीच मान धरतात. मुकादमाला डांबून ठेवलं, ट्रॅक्टर ओढून नेला, ह्या बातम्या खोट्या नाहीत. म्हणजे साखळी आहे. वर साखरसम्राट, खाली कोयता, मध्ये आपलाच माणूस. मध्ये आपला माणूस ठेवला की वरच्याला शिव्या पोचत नाहीत, हे ह्या व्यवस्थेचं डोकं.

मी गोदीतला. ही साखळी मला कुणी शिकवायला नको. माझा पणजा गोदीत लागला तो टोळीवाल्याच्या हातून. टोळीवाला म्हणजे बंदरातला मुकादम. त्याला खूश ठेवलं तर हजेरी, नाहीतर फाटकाबाहेर. गिरणीत हेच काम जॉबर करायचा. दस्तुरी द्या, कामाला लागा. मग कामगार लढले, १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, डॉक लेबर बोर्ड आलं. माणूस टोळीवाल्याचा राहिला नाही, बोर्डाचा झाला. पाळी नंबरानं, पगार बोर्डातून. आजा त्या बोर्डाच्या जिवावर चाळीत खोली करून गेला. १९९४ साली बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आज माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ठेकेदाराचं नाव आहे. पणजा आणि मी एकाच फाटकाबाहेर उभे. मधली एक पिढी तेवढी आत जाऊन आली.

तर भरतीचा धंदा संपलेला नाही. त्यानं टाय लावलाय. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारनं शासन निर्णय काढला: नऊ खाजगी एजन्स्या सरकारी खात्यांना कंत्राटी माणसं पुरवणार. इंजिनिअरपासून शिपायापर्यंत. पुण्यातल्या अभ्यासिकांतली पोरं रस्त्यावर आली. आरक्षणाचं काय, हा सवाल विचारला गेला, आणि ऑक्टोबरात निर्णय रद्द करावा लागला. कागद रद्द झाला, धंदा नाही. झाडलोट, पहारा, हाऊसकीपिंग, जिथं बघाल तिथं ठेकेदाराचाच माणूस. पहाटेच्या मजूर अड्ड्यावर माणसं मोजून टेंपोत भरणारा मुकादम, तसा काचेच्या ऑफिसात बायोडाटा मोजणाराही मुकादमच. आणि आपल्या चळवळीत मोर्चाला ट्रक भरून देणारा, मतांच्या वस्त्या ठोक भावात देणारा? तो कोण? त्याच्या पोरालाही स्कॉलरशिप द्या की मग.

आता स्कॉलरशिपकडं येतो. शिष्यवृत्ती घेणं पाप नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी, म्हणून ते कोलंबियात पोचले. तिथंही करार होता: दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. १९१७ साली ते नोकरीवर गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्याची नोकरी सुटली. पण तिचं कर्ज त्यांनी कुणाला फेडलं? आपल्याला. तुम्हाला, मला.

ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हाची दोन कामं लक्षात ठेवा. १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली. एका हातानं वही दिली, दुसऱ्या हातानं भरती दलालाच्या तावडीतून काढून सरकारच्या खिडकीवर आणली. शिक्षण आणि भरती हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पोरगा शिकला आणि भरती दलालाच्याच हातात राहिली, तर शिकलेला पोरगा दलालाच्या रांगेत उभा राहील, नाहीतर स्वतः दलाल होईल. तिसरा रस्ता नाही.

म्हणून फरक करा. सरकारची शिष्यवृत्ती, ती वेळेवर येवो न येवो, तो हक्क आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे लुटलं त्याचा हप्ता आहे. 'स्वाधार'चे पुण्यातले वर्षाला साठ हजार, तेही हक्काचे. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी २०२१ साली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, आणि त्यांच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागं दहा रुपये कारखान्यानं अन् तितकेच सरकारनं द्यायचं ठरलं. हे दान नव्हे. तो ऊस आपल्या आयांनी तोडलाय.

आणि ठेकेदारांचे पंचवीस हजार? तोही आपलाच पैसा. प्रत्येक हजेरीतून कापलेला. पण तो परत येताना बक्षिशी होऊन येतो. आणि तो कोयत्याच्या पोरीला मिळत नाही. अटच तशी आहे: बाप भरतीच्या धंद्यातला पाहिजे. जिची भरती झाली तिला नाही, ज्यानं भरती केली त्याला. ती पोरगी तिकडं फडात धाकट्या भावाला सांभाळतेय. हिची शाळा दिवाळीला सुटली ती सुटलीच.

मग पोरानं पैसे घेऊ नयेत? माझा पहिला राग हेच म्हणत होता. फाड फॉर्म. पण मी दहावीवर थांबलेला माणूस. माझी शाळा सुटली ती तत्त्वानं नाही, पैशानं. शिकणाऱ्याच्या हातचा कागद फाडायचा हक्क मला कुणी दिला? बापाचा धंदा पोराच्या कपाळावर गोंदायचा, हे तर मनूचं काम. ते आपण करायचं नाही.

पण सहीचा सवाल राहतोच. समाजकार्याची तळमळ म्हणजे नेमकं काय? रक्तदानाचा फोटो? झाड लावताना सहा जणांनी धरलेलं एक रोप? अशी तळमळ पेठेत पावशेरानं मिळते. आपल्या संघटनेचं नाव त्याखाली गेलं, तर आपण ठेकेदाराच्या धुलाईचा साबण झालो.

म्हणून मी पोराला सांगितलं: पैसे घे. आभार मानू नको. सही पाहिजे तर तीन कामं कर. एक, बापाची उचलीची वही वस्तीत बसून मोठ्यानं वाच. कुणाचे किती घेतले, किती फिटले, खाड्याचे किती लावले. तू शिकलास, बेरीज कर. दोन, बापाच्या टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची ग्रामसेवकाकडं नोंद करून घे. ओळखपत्र, पोरांचे वसतिगृहाचे फॉर्म, सगळं तू भर. तीन, बापाला विचार की हमालाला माथाडी बोर्ड मिळालं १९६९ च्या कायद्यानं, त्यातून त्याला फंड, रजा, दवाखाना मिळाला. तोडणीवाल्याला असं बोर्ड झालं आणि तुझं कमिशन गेलं, तर तू कुठल्या बाजूला उभा राहशील?

पोरगं म्हणालं, "दादा, बाप घराबाहेर काढील."

मी म्हणालो, "मग ह्याला म्हणतात तळमळ."

त्यानं फॉर्म परत खिशात घातला. चहाचे पैसे त्यानंच दिले. गुलटेकडीपर्यंत आम्ही बोललो नाही. मार्केट यार्डात हमाल गाड्या खाली करत होते, त्यांच्याकडं बघत चाललो.

काल रात्री त्याचा फोन आला. गावाकडून. वही सापडली म्हणाला. लोखंडी पेटीत होती. अर्धी वाचलीय, एकट्यानंच, अजून वस्तीत नाही. थांबला. मग म्हणाला, "दादा, तिच्यात आपल्या थोरल्या मामाचं नाव हाय. मामा मरून पाच साल झाले. बाकी मामीच्या नावावर चढवलीय."

मी काय बोलणार? मामी यंदाही गेलीय. एकटी. अर्धा कोयता.

सही मी अजून केलेली नाही. पण कागद काढून ठेवलाय. ज्या दिवशी तो ती वही लोकांत वाचेल, त्या दिवशी करीन, आणि नुसती माझी नाही, मामीचाही अंगठा त्याखाली घेईन. ठेकेदारांच्या संघटनेला असा दाखला चालेल का, मला माहीत नाही. आपल्याला चालेल.

आणि तुम्ही, हा अंक अभ्यासिकेत पुस्तकाखाली लपवून वाचणारे. तुमच्यातही मुकादमांची, जॉबरांची, सोसायटीला वॉचमन पुरवणाऱ्यांची, नेत्याला माणसं पुरवणाऱ्यांची पोरं आहेत. लाज धरू नका. लाजेनं काही होत नाही. घरी जा. पेटी उघडा. वही वाचा.